घडीचा चाकू घेऊन करंजाला

दीड वर्ष खपून केलेल्या चाकूने मी एकदाही काही कापलं नव्हतं. म्हणून गेल्या बुधवारी तो घेऊन उरणजवळच्या करंजा बंदरावर, मासळी बाजारात जायचं ठरवलं.

मी नवीन पनवेलला एकटी राहते. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत छोटं लेथ मशीन बसवलं आणि घडीचे चाकू करायला लागले. हा सातवा. पितळी मूठ, आत नऊ दातेरी चाकं. कडेची कळ फिरवली की पातं बगळ्याच्या मानेसारखं हळूहळू उलगडतं. सहा सेकंद लागतात. चाकूवाल्यांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपमध्ये फोटो खूप जणांना आवडला. एकाने मात्र विचारलं, "याने कापता काय?"

पनवेल स्टँडवरून सकाळी सातची उरण एसटी पकडली. चाकू रुमालात गुंडाळून पिशवीत. जासईच्या पुढे कंटेनरच्या ट्रेलरांमागे अर्धा तास अडकलो. तुम्ही जाणार असाल तर याहून लवकर निघा. उरणला उसळ-पाव छान मिळाला. तिथून बंदरापर्यंत शेअर रिक्षा, सुटे पैसे जवळ ठेवा. उसळवाला आणि रिक्षावाला सोडले तर तोवर कुणाशी बोलणं झालं नव्हतं.

मासळीचा लिलाव उरकत आला होता. मी चार बोईट घेतले, खवल्यांचे मासे, आणि कापून देणाऱ्या हिराबाईंपुढे चाकू धरला.

"यानं कापून द्याल?"

"दावा बगू."

मी कळ फिरवली. त्यांनी पहिल्या माशाचं पोट झटकन चिरलं. दुसऱ्याला पातं सांध्यात डुगडुगलं. तिसऱ्याला खवली चाकांत गेली; मी मिटून पाहिलं तर पातं अर्ध्यावरच अडकलं.

"धार चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन ह्याला धुवाचा कसा?"

चाकांचं ड्रॉइंग मी पाचदा बदललं होतं. हा प्रश्न एकदाही सुचला नव्हता. "राहू द्या, तुमच्या विळीवरच कापा," म्हटलं. उरलेलं काम त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. मी तोंड पाडून चाकू पिशवीत टाकू लागले, तर त्यांनी हात धरला.

"आसाच नेऊ नका. गंजंल."

अंबाड्यातला आकडा काढून त्या शेजारी सरकल्या. मी मूठ धरली, त्या एकेक खवलं टोकरून काढू लागल्या. मधेच बादलीतलं गोडं पाणी ओतत होत्या.

"घरी कोन बगतं ह्ये?"

"कुणी नाही."

"मंग कुनासाठी बनवला?"

मी मूठ जरा त्यांच्याकडे वळवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शेवटचं खवलं निघाल्यावर म्हणाल्या, "आता मी फिरवू?"

तोवर ती कळ माझ्याशिवाय कुणी फिरवली नव्हती. ओल्या बोटांतून कळ एकदा निसटली, मग फिरली. पातं सावकाश बाहेर येऊ लागलं आणि हिराबाई खळखळून हसल्या. "ए सुमन, बग गो!" म्हणून शेजारच्या मासेवालीला हाक मारली. दोघींनी मिळून तीनदा उघडला, तीनदा मिटला.

मग पापलेटवालं गिऱ्हाईक आलं. हिराबाई विळीकडे वळल्या. मी जरा वेळ तिथेच उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

दुपारी अडीचला घरी. दोन बोईट तळले, दोन फ्रीजरमध्ये ठेवले. जेवताना लक्षात आलं, आठवड्याभरात मी इतकं कुणाशीच बोलले नव्हते.

असा चाकू वापरायला घ्यावा का? नाही. साधा, एका सांध्याचा घ्या, नळाखाली धरता येईल असा. माझा मी पूर्ण खोलला, पुसला, तेल दिलं. कपाटात ठेवला आहे.

या बुधवारी पुन्हा करंजाला जायचा विचार आहे. चाकू नेणार नाही. मग कशाला आले म्हणून हिराबाईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.