पाटाएवढी पांढरी जागा

फार स्वच्छ कारखाना दिसला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. कारखान्यांची सुरक्षा तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्याचा हा परिणाम असेल. परवा एका मसाल्याच्या कारखान्यात गेलो. फरशी घासूनपुसून ठेवली होती, तरी हळदीचा पिवळेपणा काही गेला नव्हता. फक्त दळण्याच्या यंत्रासमोर एक चौकोन पांढरा राहिला होता, बरोबर पाटाएवढा. त्यावर उभ्या राहून एक ठेंगण्या मावशी यंत्रात हळकुंडं टाकत होत्या.

"इथे काय असतं?" मी विचारलं.

"काही नाही साहेब," सुपरवायझर म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

लोक मला काय दाखवतात, त्यावर माझा फारसा भरवसा नाही. काय उचलून ठेवतात, ते बघावंसं वाटतं. यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी उंच माणूस असतो. बाकीचे मग आपापली उंची घरून घेऊन येतात, आणि तपासणीच्या दिवशी ती अडगळ ठरते.

"मावशी, यंत्र बंद करायचं ते लाल बटण दाबून दाखवा बरं."

त्यांनी टाचा उंचावल्या, हात ताणला. तरी तो वीतभर खालीच राहिला.

"रोज पोचतो हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "माझा पाट असतो ना इथे. आज तुम्ही येणार म्हणून उचलायला लावला."

म्हणजे मी सुरक्षा तपासत तिथे उभा होतो, तेवढाच वेळ त्यांचा हात बटणापर्यंत पोचत नव्हता.