रुखवत मांडणाऱ्या बाई

एप्रिल १९६१. लेकीचं लग्न, बेंगळुरातच. तिची आई हयात नव्हती, म्हणून वरपक्षासमोर मांडायच्या रुखवताचे चाळीस लाडू आणि चाळीस चिरोटे मी शिवाजीनगरातल्या एका बाईंकडून करवून घेतले. मांडायलाही त्याच आल्या. पदर खोचून प्रत्येक ताट फिरवून बघत होत्या.

विहीणबाई म्हणाल्या, "विकतचं दिसतंय!"

मुलीने मान खाली घातली.

बाईंनी ताटावरचा हात काढला नाही. "होय अक्का, विकतचंच. आई नाही म्हणून पोरीचं रुखवत रिकामं ठेवायचं का? स्वल्प खाऊन बघा, मग बोला."

विहीणबाईंनी लाडू खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"आता नको, मांडणी मोडेल," बाई म्हणाल्या.

त्या लग्नात पैसे पुष्कळांना दिले. वाकून नमस्कार करून दिले ते या बाईंना.