पहिल्या पेंढीची बोली

कापूस बाजारात एक नियम होता. बोली लावून ज्या व्यापाऱ्यानं संध्याकाळपर्यंत पैसे दिले नाहीत, त्याला दुसऱ्या दिवशी बोलीला उभं राहू देत नसत. मी आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असायचं. आमच्या चर्चच्या मंडळीत मात्र उलटं चालायचं. हंगामाच्या सणाला खिशात नसलेल्या पैशांची बोली लावणाऱ्यालाच जास्त टाळ्या पडत.

ज्वारी निघाली की हा सण यायचा. मावला गावाकडची कुटुंबं पेंढ्या, भोपळे, तुरीच्या शेंगा आणत, शहरातली माणसं कोंबड्या आणि घरी भाजलेले केक. उपासना संपली की चर्चच्या अंगणात या सगळ्याची हर्रास होई. चार रुपयांचा भोपळा साठ रुपयांना जाई. पैसे देवाच्या कामाला, म्हणून कोणी कुरकुरत नसे. मंडळीचा खजिनदार मीच होतो आणि छपराचे नवे पत्रे याच पैशांतून आले होते, हेही सांगायला हवं.

सगळ्यात आधी ज्वारीची पहिली पेंढी निघे. ती बरीच वर्षं एकच माणूस घ्यायचा, दवाखान्यातला एक कंपाउंडर. तो एक्कावन्न रुपये म्हणायचा आणि मानानं बाकीचे गप्प बसायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो वारला. त्याची थोरली मुलगी तेव्हा एका खासगी दवाखान्यात मदतनीस होती. पगार चारशे. त्या वर्षीच्या सणाला ती आईशेजारी बसली होती.

हर्रास बोलायचे आमचे एक पंच, निवृत्त बस कंडक्टर. आवाज अंगणाबाहेर जायचा. पेंढी डोक्यावर धरून ते थेट तिच्याकडे वळले.

"काऊन वं पोरी, बापाची पेंढी दुसऱ्याच्या घरी जाऊ देतं का?"

ती म्हणाली, "एक्कावन्न."

मागून एका ठेकेदारानं शंभर केले. त्यालाही मान हवा होता. तिनं दीडशे केले. पंच हसत या टोकाहून त्या टोकाला फिरत होते, लोक टाळ्या पिटत होते. पेंढी तिच्याच नावावर सुटली, पाचशे एक रुपयांना. आईनं पदरानं डोळे पुसले. मी माझ्या टेबलावर आकडा लिहून घेतला.

जूनमध्ये ती आमच्या घरी आली. नर्सिंगच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. फी, अनामत आणि गणवेश मिळून अकराशे भरायचे होते.

"काका, फॉरम वापस केला. साडेचारशे कमी पडले."

मी तिच्याकडून सगळं विचारून घेतलं आणि बेरीज केली. महिन्याला सत्तर रुपये ती पोस्टात टाकत होती. पेंढीचे पाचशे एक त्यातून गेले नसते, तर फी भरून वर एक्कावन्न रुपये उरले असते. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाय. पण तवा उठून नाइ कशी म्हणू? बाबाचं नाव घेतलं त्याइनं." वयाच्या अटीमुळे पुढचं वर्ष शेवटचं होतं, हेही तिनंच सांगितलं.

त्याच आठवड्यात मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. तरुण संघाला शनिवारी पैशांचा हिशेब शिकवायची परवानगी मागितली आणि का, तेही सांगितलं.

"दानाला हिशेब लावता?" ते म्हणाले.

"दानाला नाही, बोलीला."

"देतात ते देवालाच ना?"

"बायबलातल्या त्या विधवेनं दोन दमड्या टाकल्या, साहेब. होत्या त्या टाकल्या. पुढच्या महिन्यात देते, असं नाही म्हणाली."

ते हसले. "खोली घ्या. पण सणाला हात लावू नका. आवाराची भिंत बांधायची आहे."

दहा-बारा जण येऊ लागले, तीही त्यांत होती. कोणी सायकलच्या दुकानात, कोणी कापडाच्या, दोघी टायपिंग शिकणाऱ्या. निम्मे तेलुगू बोलणारे, त्यामुळे वर्ग मराठी, हिंदी आणि हातवारे यांवर चालायचा. मी घरून चिंचोके न्यायचो. एक चिंचोका म्हणजे दहा रुपये. ज्याचा जेवढा पगार तेवढे चिंचोके त्याच्यापुढे. मग ढीग करायचे. पहिला ढीग दशांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचा, कारण देणं बंद करा असं मी कधीच शिकवलं नाही. दुसरा घरचा, तिसरा स्वतःचा, चौथा ज्या कामासाठी जमवायचं त्याचा. उरले ते मुठीत. मग मी टेबलावर एक भोपळा ठेवायचो आणि बोली लावायची ती फक्त मुठीतल्यावर.

पहिल्याच दिवशी सायकलवाल्या पोरानं घरच्या ढिगातले भाड्याचे पाच चिंचोके हळूच उचलले.

"हे कुठले?" मी विचारलं.

"काका, घरमालकाले मी समजावतो ना! अर्धा भोपळा त्याले देतो."

"मंग झोप उरलेल्या अर्ध्यात," टायपिंगवाली म्हणाली, आणि खोली हसली.

ढीग करणं त्यांना दोन शनिवारांत आलं. जमत नव्हतं ते खाली बसणं. मूठ रिकामी झाली की उभं राहून "माझं झालं" म्हणायचं आणि बसायचं, एवढंच. पण समोरचा चिडवायला लागला की हात आपोआप चौथ्या ढिगाकडे जायचा. म्हणून हर्रास बोलणारा मी झालो आणि मुद्दाम लागेल असं बोलू लागलो. कोणाच्या चपलेवरून, कोणाच्या सासुरवाडीवरून. तिच्या वेळी मी तिच्या बापाचं नाव घ्यायचो. ती दर वेळी बोली वाढवायची, मग स्वतःवरच चिडून चिंचोके परत ढिगात टाकायची. एकदा रडलीही. घरी बायको म्हणाली, "पोरीला किती छळता?" मी म्हटलं, "सणाला पंच छळणारच आहेत. त्याआधी सवय झालेली बरी." पुढच्या शनिवारी परत तेच केलं. पाऊसकाळ संपता संपता ती एकदा बसली. नंतर दोनदा.

नोव्हेंबरात सण आला. पंचांनी पेंढी उचलली.

"कंपाउंडरसाहेबाची पेंढी! बोल पोरी!"

ती उभी राहिली. "वीस रुपये. रोख."

कोणीतरी मोठ्यानं हसलं. ठेकेदारानं एक्कावन्न केले. पंच तिच्यासमोर येऊन थांबले.

"एक बार... अवं, वीस रुपयात बापाचा मान? वरतून पाहून राह्यला तो!"

"माझं झालं," ती म्हणाली आणि खाली बसली.

"दो बार... मायबाई, तुमी तरी सांगा हिले!"

तिची आई लाल झाली होती. ती उठायला लागली. मी टेबलामागे होतो आणि बोलायचा मोह झाला होता. पण हे मी बोलून झालं असतं, तर वर्गाचा काही उपयोग नव्हता. मुलीनं आईचा हात धरला आणि पंचांकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, बस. बाबानं कधी उधार बोली नाही लावली. मीपण नाइ लावत."

हे खरं होतं. कंपाउंडर ते एक्कावन्न रुपये नेहमी पाकिटात घालून आणायचा आणि पेंढी उचलायच्या आधी माझ्या टेबलावर ठेवायचा. पंचांनाही ते माहीत होतं. त्यांनी "तीन बार" म्हणून पेंढी ठेकेदाराला देऊन टाकली. मग ती टेबलाशी आली आणि आपले वीस रुपये पेटीत टाकून गेली. मागून सायकलवाला आला, त्यानं दहा टाकले. वर्गातल्या पोरांनी त्या दिवशी रोख नसलेली एकही बोली लावली नाही.

कमिटीत मी आकडे वाचले. बोली मागच्या वर्षीपेक्षा बरीच कमी होती. पंच म्हणाले, "झालं समाधान? सणाची मजा घालवली." मी सांगितलं, मागच्या वर्षीची तिसऱ्या हिश्श्याइतकी बोली अजून यायची आहे, या वर्षीची सगळी पेटीत आहे. पाळकसाहेबांनी कागद मागून घेतला आणि बेरीज तपासली. भिंत अर्धीच बांधू, पण बांधू, असं शेवटी म्हणाले.

तिची आई मात्र आमच्याशी बोलेनाशी झाली. नाताळाला फराळाचं ताट आलं नाही. उपासनेत ती बाक बदलून बसू लागली. माझी बायको दोनदा तिच्या घरी जाऊन आली, दोन्ही वेळा दारातूनच. मी वर्ग चालू ठेवला.

जूनमध्ये मुलीनं फी भरली आणि पावती मला दाखवली. फी दीडशेनं वाढली होती, तरी पुरली. नंतरच्या रविवारी तिची आई आमच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"तिले हॉस्टेलात महिन्याचे किती पाठवाचे, ते सांगा. तिचा पगार तं बंद झाला. मी दोन घरी सैपाक धरला हाय. नीट सांगा, उगी गोडगोड नका सांगू."

"गोड नाही सांगत. तुमच्यानं होईल तेवढंच सांगतो. दोन्ही घरचे मिळून किती येतात?"

तिनं आकडा सांगितला. मग चपला काढून आत आली.