मुंगीसरांचं सिरियम

हातोडा उचलण्यापूर्वी आमचे सर दगडावर हलकी फुंकर मारत. एखादी मुंगी चाललेली असली तर ती पलीकडं जाईपर्यंत थांबत. बोरगावच्या जैन शेतकरी घरातले ते. बेळगावच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. आम्ही त्यांना मुंगीसर म्हणायचो आणि ते त्यांना ठाऊक होतं. "दगड युगं न् युगं थांबलाय. आपण जरा थांबलो तर काय बिघडतंय?" म्हणायचे.

कार्बोनेटाइट नावाचा दगड हे त्यांचं वेड. दिसायला चुनखडी, ॲसिडचा थेंब टाकला की तसाच फसफसणारा. पण जन्म पाताळातला, वितळून वर आलेला. खरी ओळख पटते ती त्यातल्या दुर्मिळ मूलद्रव्यांवरून. लँथॅनम, सिरियम, निओडिमियम ही मंडळी बरोबरीनंच सापडतात. सर म्हणायचे, "ही भावकी हाय. लग्नाला आली तर सगळी येणार. एकटाच कोण आला, तर त्याला विचारायचं, बाबा, तू कुठनं आलास?"

गुंजीजवळच्या ओढ्यात त्यांना खडकात तशीच दिसणारी एक पांढरी शीर सापडली. नमुना कुटायचं काम माझ्याकडं, म्हणजे त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीकडं. कुटायच्या टेबलावरच आदल्या दिवशी मी दगडाचे पातळ काप घासून चकचकीत केले होते, आणि ती घासायची पावडर म्हणजे सिरियमचंच ऑक्साइड. टेबल पुसायचं राहिलं. ते ध्यानात आलं कुटून झाल्यावर. नमुना तसाच तपासणीसाठी बेंगळूरला धाडला.

निकालात सिरियम आभाळाला भिडलेलं आणि बाकीची भावकी गप्प.

"टेबल पुसलं होतंस न्हवं?" सरांनी विचारलं.

"व्हय सर," मी म्हणाले. तिथल्या मशीनवर पुन्हा नंबर लागायला वर्ष गेलं असतं, आणि घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती.

त्यांनी माझा शब्द खरा धरून कारण शोधलं. दगड झिजताना बाकीची मूलद्रव्यं वाहून जातात, सिरियम मागं राहतं. असं होतंही. आम्ही दोघांच्या नावानं शोधनिबंध छापला. मग न झिजलेल्या मूळ दगडाच्या शोधात सर निवृत्तीपर्यंत खानापूरचं रान तुडवत राहिले. गुडघे गेले. काकू म्हणायच्या, "ह्यांचं लगीन दगडासंगं झालंय, मी आपली करवली." सर हसायचे, मी चहाच्या कपात बघत बसायची.

गेल्या वर्षी बोरगावला जाऊन सरांना टेबलाचं खरं काय ते सांगून टाकलं.

"ते खरं असावं असं मला लई वाटत होतं गं," सर म्हणाले. "म्हणून तर मी बी दुसऱ्यांदा विचारलं न्हाय. पण मला सांगून काय उपयोग? माझं हिंडून झालं. तो निबंध वाचून अजून पोरं तिथं जात असतील. त्यांना सांग."

"सर, त्यात तुमचंही नाव जाईल."

"जाऊ दे की. आता ते घेऊन कुठं जायचंय?"

उरलेला तुकडा मी नव्यानं तपासून घेतला. चुनखडीतला साधा कॅल्साइट निघाला. दुरुस्ती छापून आली, ती त्यांनी वाचली. या उन्हाळ्यात सर गेले.

परवा माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गुंजीला उतरले. ओढ्यात त्या शिरेपाशी उभी राहून सगळं सांगितलं. एका मुलीनं भीत भीत विचारलं, "मॅडम, त्या दिवशी सर तुम्हाला रागानं काहीच बोलले नाहीत?"

"म्हणाले, दिवस बुडायच्या आत जेवून घे. काकूंनी माझं ताट सरांच्या शेजारीच मांडलं होतं."