वाक्य पुरं व्हायच्या आधी

आमच्या घरमालक काकांसमोर ज्याला एखादं वाक्य शेवटपर्यंत नेता आलं, असा माणूस अख्ख्या जबलपुरात सापडणार नाही. मी नेपियर टाउनमध्ये त्यांच्या वरच्या खोलीत राहते. पांढुर्ण्याहून इथे शिकायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी भीत भीत म्हणाले, "काका, मला एक..." तर ते म्हणाले, "बादली ना? मोरीत आहे, घे." मला खोलीची दुसरी किल्ली हवी होती. पण बादली घेऊन मी मुकाट्याने वर गेले. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे शहरात किल्लीच्या आधी बादली देत असतील, असंही मला क्षणभर वाटलं.

काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात समजतं, याचा त्यांना फार अभिमान. "माणूस तोंड उघडतो अन् मला शेवट दिसते," असं ते सांगत. त्यांना दिसलेला शेवट सहसा भलताच असे, हा भाग वेगळा. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातल्या कापडवाल्याने "साहब, इसमें आपको..." एवढं म्हटलं की "रंग जाता है, मालूम है," असं सुनावून काका दुकानाबाहेर, आणि तो बिचारा भाव कमी करायला निघालेला असायचा. एकदा शेजारचे जोशी सकाळीच फाटकाशी येऊन म्हणाले, "काका, आमच्या बाबांचं काल..." काकांनी डोक्यावरची टोपीच काढली. "अरे रे! केव्हा नेता?" जोशी गोंधळून म्हणाले, "नेता काय, घरी आणलं की! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं." यावर काका जराही ओशाळले नाहीत. "अच्छा, चलो, चांगलं झालं," म्हणाले आणि टोपी परत घातली.

आम्हाला मानसशास्त्राच्या मॅडमनी शिकवलं होतं की ऐकणं म्हणजे नुसतं ऐकणं नसतं. समोरचा बोलत असताना आपला मेंदू त्याच्या पुढे पळत असतो, पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की तो दचकतो, मागे येतो आणि अर्थ पुन्हा जुळवतो. वर्गात सगळ्यांनी हे लिहून घेतलं. मला मात्र काकाच डोळ्यांसमोर दिसत होते. त्यांचा मेंदू पुढे जाण्यात पटाईत होता, मागे यायची सवय तेवढी त्याला नव्हती.

काकू पहिल्यापासून कमी बोलणाऱ्या, असं सगळे म्हणत. या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द हरवले. बोललेलं समजायचं, फक्त सावकाश आणि एका वेळी थोडं. आपलं सांगायचं तर एकेक शब्द शोधून आणावा लागे. बोलणं शिकवायला येणाऱ्या दीदींनी काकांना बजावलं, "अंकल, आंटी बोलें तो आप बीच में..."

"नहीं बोलूँगा, समझ गया!"

"अभी मेरी बात पूरी नहीं हुई," दीदी थकलेल्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी नीट सांगितलं, की शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या. तुम्हीच दरवेळी देत राहिलात, तर त्या शोधणंच सोडतील आणि आहे तेही जाईल.

काका घाबरले. पण सवय जाईना. काकूंनी "पा..." म्हटलं की पाणी, पांघरूण, पापड सगळं हजर. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला. काकूंना काही विचारायचं आणि लगेच तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले. काकूंना ते बघून हसू येई आणि सापडत आलेला शब्दही हसण्यात जाई. मी कॉलेजातून आले की काकूंजवळ बसायची. तेही सोपं नव्हतं. एका शब्दासाठी इतकं थांबायचं म्हणजे अंग मोडून येतं. अभ्यास तसाच राहायचा.

एका दुपारी काकांनी विचारलं, "काय देऊ तुले?" आणि गुळणी भरली. काकू म्हणाल्या, "चहा..." पुढे काही येईना. पुढचा शब्द मला ठाऊकच होता. मी उठून गॅसकडे निघालेसुद्धा. काकांनी हाताने मला थांबवलं. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "चहात... अद्रक... नको."

काकांनी गुळणी गिळली. चहात अद्रक ठेचून टाकणं ही त्या घरातली रोजची पूजाच होती.

"केव्हापासून?"

काकूंनी डावा हात उचलला आणि खांद्यावरून मागे, पार मागे नेला.

"मग सांगितलं काहून नाही?" काकांनी विचारलं. या वेळी त्यांनी पाणी घेतलं नाही. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, तरी ते बोलले नाहीत.

आता त्या घरात बिनअद्रकाचा चहा होतो. काकांना तो अजिबात आवडत नाही, तरी पितात. काकूंचे शब्द फारसे वाढलेले नाहीत. काही दिवस एकही येत नाही, आणि दीदी खोटी आशा दाखवत नाहीत. संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसतात, चहावर साय धरते. परवा दूधवाला फाटकातून ओरडला, "अंकल, कल दूध कितना?" काकांनी मान न वळवता हात वर केला.

"रुको भैया, आंटी बोल रही हैं."

काकूंचे ओठ अजून हललेही नव्हते.