साप म्हणजे कोंबडी नव्हे

सिंगापूरमध्ये घरात साप पाळायला बंदी आहे. हे सांगणारी पत्रकं मी इथल्या यिशुन वस्तीत दारोदार वाटते, आणि माझ्याच भाऊजींच्या फ्लॅटमध्ये साप निघाला! विकणाऱ्याने नर म्हणून गळ्यात मारलेला. महिन्याभरात त्याने नऊ अंडी घातली, तेव्हा घाबरून ताईने मला बोलावलं.

भाऊजींनी एकमेकांना चिकटलेली अंडी ताजी असतानाच सुटी करून डब्यात ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, ठेवली होती. चार दिवस ते प्रत्येक अंडं सकाळ-संध्याकाळ उलटत होते. गावी त्यांच्या आईच्या कोंबड्या तसंच करायच्या.

"अहो भाऊजी, सापाचं अंडं उलटलं की आतलं पिल्लू मरू शकतं!"

"मेव्हणीबाई, हे तुमच्या पत्रकात कुठं छापलंय?"

नव्हतंच छापलं. बंदी तेवढी ठळक अक्षरांत होती.

मी मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. चारांत लाल शिरा दिसल्या, पाच मेली होती. जिवंत चारांवर मी पेन्सिलीने वरची बाजू खुणावली.

"आता सापासकट ही सरकारी माणसांच्या हवाली करा."

"केस होईल माझ्यावर."

"होऊ दे. इथे ठेवलीत तर हीही मारून टाकाल."

भाऊजींनी मेलेली पाच अंडी बाजूला काढली आणि मोबाइल उचलला. मग म्हणाले, "नंबर सांग."