लिंबाखालून ओढलेलं गाठोडं

आज मालकाच्या ओसरीवर वाळत घातलेल्या ओल्या कापसाचा कुबट वास आला आणि मला कुंभार पिंपळगावच्या शिवारातली ती दुपार आठवली. मी पंधरा-सोळा वर्षांची होते, आईसोबत वेचणीला जायची. दिवाळीच्या तोंडावर एकदम आभाळ काळवंडलं, वीज कडाडली. कापूस कोरडा राहावा म्हणून आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन बांधावरच्या लिंबाखाली पळालो.

आमच्या टोळीची म्होरकी शेवंतामावशी पावसातूनच ओरडली, "भिजू द्या कापूस! झाडाखाली कोनी थांबायचं न्हाई. जल्दी शाळेत चला!"

"मालक बोलंल की," आई म्हणाली.

मावशीनं आईचं गाठोडं ओढून चिखलात टाकलं. शाळेच्या पक्क्या खोलीत आम्ही कुडकुडत बसलो.

वीज त्या लिंबावर पडलीच नाही. मालकानं मावशीला सगळ्यांसमोर झापलं. बायका हसल्या, मीही हसले.

आता टोळी मी नेते. ते लिंबाचं झाड अजून हिरवंगार उभं आहे आणि मालक अजून बोलतो. बोलू दे. काल आभाळ गडगडलं, तेव्हा चिखलात पहिलं गाठोडं मी माझंच फेकलं.